वास येत नाही म्हणून खाऊ नका

अन्न चांगलं की वाईट, हे आपल्या घरात नाक ठरवतं. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, आंबूस वाटलं नाही तर ताटात वाढायचं. आपल्या वर्धा जिल्ह्यात जामपासून गिरडपर्यंत कुठल्याही घरात हेच चालतं. तुमचं नाक तिखट असेलही. पण अन्नातल्या ज्या गोष्टी माणसाला सर्वांत जास्त बाधतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना ना वास असतो, ना चव.

आधी भाताचं बघा. रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, ही आपली जुनी सवय. फोडणीत सगळं मरतं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. तांदळासोबत शेतातल्या मातीतले काही जंतू येतात. भात शिजला तरी त्यांची बीजं जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढतात आणि विष सोडतात. तेलात जंतू मरतील, पण ते विष तसंच राहतं. हिंग घाला, कांदा घाला, वरून लिंबू पिळा, फरक पडत नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात आणि घरात म्हणतात, ऊन लागलं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. रात्रीसुद्धा स्वयंपाकघर निवत नाही. अशा दिवसांत शिजलेलं ओलं अन्न तासाभराच्या वर उघड्या गरमीत ठेवू नका. हिवाळ्यात दोन तास चालतील.

मग उरलेल्या भाताचं काय करायचं? फ्रिज असेल तर भात परातीत पातळ पसरा. वाफ गेली की लगेच झाकून आत ठेवा. गरम भात फ्रिजमध्ये ठेवला की नासतो म्हणून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. नासतो तो ओट्यावर. दुसऱ्या दिवशी तो वाफ येईपर्यंत गरम करा आणि एकदाच खा. रात्री वीज बराच वेळ गेली असेल, तर तो भात पोरांना देऊ नका.

फ्रिज नसेल तर भात मोजून लावा. शेतावरच्या डब्यात वरण-भातापेक्षा भाकरी, ठेचा, जवसाची चटणी बांधा. आपल्या आज्या शेतात कोरडं अन्न नेत, ते बरोबरच होतं.

लग्नात आणि महाप्रसादात हीच गोष्ट मोठ्या कढईत घडते. पहाटे शिजलेली वांग्याची भाजी दुपारच्या शेवटच्या पंगतीला वाढली जाते. गावातली वाढणारी पोरं तुमची, खाणारी माणसंही तुमची. म्हणून आचाऱ्याला आधीच सांगा, स्वयंपाक दोन घाण्यांत करा. भात आणि भाजी शेवटपर्यंत वाफेवर असू द्या. मठ्ठा कल्हई उडालेल्या पितळी गंजात ठेवू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. उरलेलं अन्न रात्री घरोघरी डब्यांत वाटू नका. अन्न वाया जाऊ नये असं वाटतं, ते खरं आहे. त्यासाठी कमी शिजवा.

फल्लीदाण्यांचं वेगळं आहे. पावसात भिजलेल्या शेंगांवर हिरवी-काळी बुरशी येते. बुरशीचे दाणे भाजले की चालतात, असं समजतात. ती बुरशी जे विष सोडते, ते घरच्या भाजण्याने जात नाही. ते थोडं थोडं पोटात गेलं की वर्षानुवर्षांनी यकृताला इजा करतं. सुरकुतलेला, रंग बदललेला, कडू लागणारा दाणा काढून टाका. चटणीत वाटून लपवू नका. शेंगा कडक वाळवूनच कोठीत भरा.

सोयाबीन आता शेतात भरपूर आहे, म्हणून गव्हात थोडं टाकून दळतात. चांगली सवय आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1935 साली गांधीजींनी जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले होते. पण कच्चं सोयाबीन दळू नका. कच्च्या दाण्यात असं काही असतं की त्यामुळे त्यातलं प्रथिन पचत नाही आणि पोट बिघडतं. आधी ते उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवा, उन्हात खडखडीत वाळवा, मग गव्हात मिसळा.

आता सर्वांत कळकळीचं.

पेरणीनंतर उरलेलं बियाणं घरात येतं. त्याला लाल-गुलाबी रंग असेल, तर त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. तीन पाण्यांनी धुतलं की खायला चालतं, हा समज सोडा. धुतल्याने रंग जातो, विष पूर्ण जात नाही. ते दळू नका, भाजू नका, कोंबड्यांनाही टाकू नका.

फवारणीच्या रिकाम्या कॅनचंही तेच. कॅन मजबूत असते, फेकवत नाही, म्हणून त्यात पाणी, रॉकेल, कधी गोडं तेलसुद्धा भरतात. प्लॅस्टिक औषध शोषून धरतं. साबणाने घासून वास गेला तरी ते आतून सुटत राहतं. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. तेच औषध स्वयंपाकघरात नको. कॅन रिकामी झाली की तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग कॅनला भोकं पाडा.

कोणाच्या पोटात चुकून औषध गेलं, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. त्याने ते श्वासात जाऊ शकतं. 108 ला फोन लावा आणि कॅन किंवा तिच्यावरचा कागद दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला तो लागतो.

एवढं करूनही घरात कोणाचं पोट बिघडेल. लहान मुलाला जुलाब लागले की आपण त्याचं अन्न-पाणी तोडतो. पोटाला आराम मिळेल, असं वाटतं. मूल दगावतं ते अंगातलं पाणी आटल्याने. म्हणून प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस पाजा. आशाताईंकडे पाकीट मिळतं. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण टाका, अर्धं नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्याने द्या.

अंगावरचं दूध चालूच ठेवा. मूल सहा महिन्यांच्या वरचं असेल तर मऊ वरण-भात, केळं द्या. नुसतं वरणाचं पाणी पुरत नाही. आशाताईंना झिंकच्या गोळ्याही मागा. जुलाब थांबले तरी त्या 14 दिवस द्यायच्या असतात.

डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा पाजलेलं पोटात ठरेना, तर घरी बसून वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा आणि रस्ताभर ओआरएस पाजत राहा.