पाच क्विंटलचा लॅपटॉप

वऱ्हाडात मोठी वस्तू आधी रुपयांत मोजतात आणि लगेच क्विंटलांत. फ्रीज किती कापसाचा, मोटरसायकल किती तुरीची, हा हिशेब शेती विकून शहरात आलेल्यांच्या डोक्यातूनही जात नाही. लॅपटॉप त्यातून कसा सुटेल? 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. म्हणजे पंचवीस-सव्वीस हजारांचं यंत्र झालं पाच क्विंटलचं. हे कागदावर. बाजार समितीत ओलाव्याच्या आणि डागी मालाच्या नावाखाली भाव पडला, की तोच लॅपटॉप सहा क्विंटलांवर जातो. कोरडवाहू एकराचं एक बरं पीक एका पिशवीत घालून पोरगं घरी येतं. तेव्हा बाप दुकानात चार प्रश्न जास्त विचारतो, यात नवल नाही.

पण हे प्रश्न तो फक्त लॅपटॉपबद्दल विचारतो, अशी माझी तक्रार आहे.

आपल्याकडे घरून काम करणं ही आता कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. 22 फेब्रुवारी 2021 ला अमरावतीत टाळेबंदी लागली तेव्हा बाकीचा महाराष्ट्र अजून दुसऱ्या लाटेची नुसती चर्चा करत होता. पुण्या-बंगळुरूहून आलेली पोरं माडीवर, देवघराच्या बाजूला, धान्याच्या कोठीवर कंपनीचं यंत्र मांडून बसली. पुढे बरीच परत गेली, काही राहिली. आज अमरावतीच्या गाडगेनगरात मागच्या खोलीत कोणी जीएसटीचे परतावे भरतं, अकोल्याच्या जठारपेठेत कोणी दुबईतल्या मुलांची गणिताची शिकवणी घेतं, बडनेऱ्याच्या कॉलेजातून निघालेली मुलगी परदेशी दवाखान्यांच्या बिलांचं कोडिंग करते. यातल्या बहुतेकांना कंपनी काही देत नाही. यंत्र आपलं, वीज आपली, पाठदुखीही आपलीच.

आणि घरात ठरतं काय? पंचेचाळीस हजार जमले आहेत, तर पंचेचाळीस हजारांचा नवा लॅपटॉप. मग तो ठेवायचा कुठे, तर पलंगावर. बसायचं कशावर, तर लग्नातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. लाईन गेली की हातावर हात ठेवून बसायचं. माझं मत याच्या उलट आहे. लॅपटॉप जुना घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बाकीचं ऑफिस थाटावं.

जुना म्हणजे कोणाचा तरी टाकलेला नव्हे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा विकून टाकतात. ते दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून साफसूफ होऊन आपल्याकडच्या दुकानांत येतात. डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक ही नावं लक्षात ठेवावी. ही यंत्रं कंपन्यांसाठीच बनलेली असतात. बिजागरी दणकट, कळा पक्क्या, बहुतेकांत खालचे स्क्रू काढले की रॅम आणि एसएसडी बदलता येते. त्याच पैशांत मिळणारं नवं यंत्र चकचकीत असतं, पण अनेकदा त्याची रॅम बोर्डालाच डागलेली असते. आज आठ जीबी घेतली की मरेपर्यंत आठच. त्यात 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले, की नव्या स्वस्त यंत्रात कंपनी आणखी कुठे हात आखडता घेईल याची खात्री नाही. प्रोसेसरची आठवी पिढी, आठ जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी असलेलं कंपनीवापराचं यंत्र वीस-पंचवीस हजारांच्या दरम्यान मिळतं.

आठवी पिढी हा शब्द दुकानात मोठ्याने उच्चारावा. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद केले. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढीगभर लॅपटॉप बाजारात पडेल भावात आले आहेत. वर ‘आय-फाइव्ह’चा स्टिकर असतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर खूश होतं. स्टिकरला काही अर्थ नाही. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा पूर्ण आकडा पाहावा. 8250 असेल तर आठवी पिढी, 7200 असेल तर सातवी. काही दुकानदार सातवीवरही आडमार्गाने विंडोज 11 चढवून देतात. ते चालतंही. पण एखाद्या मोठ्या अपडेटला अडकलं तर मायक्रोसॉफ्ट हात वर करणार. ज्याला नुसतं लिहायचं, वाचायचं आणि मीटिंगला बसायचं आहे, त्याने सातवीचं यंत्र निम्म्या भावात घेऊन त्यावर उबुंटू टाकावं. पण टॅलीसारख्या विंडोजच्या सॉफ्टवेअरवर पोट असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

परवा भाच्यासाठी अमरावतीच्या राजापेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. सोबत त्याचे वडील, आमचे जावईबुवा. त्यांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट दुकानदाराला म्हणाले, “भाऊ, बैलबाजारात दात पाह्यल्याबिगर पैसे नाई काढत आमी. याचे दात कुठी हायेत?”

दुकानदार हसला. म्हणाला, “काकाजी, याचे दात म्हंजे बॅटरी.” आणि खरोखरच त्याने कमांडची काळी खिडकी उघडून बॅटरीचा अहवाल काढून दाखवला. ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा, मग एक तिरकी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ एवढंच टाइप करावं लागतं. त्यातले दोन आकडे वाचायचे: बॅटरी नवी होती तेव्हाची क्षमता आणि आता भरते ती. पहिला साठ हजारांच्या घरात होता, दुसरा चौतीस हजार. जावईबुवा म्हणाले, “हे तं अर्धं म्हातारं झालं ना.” दुकानदाराने मुकाट्याने ते बाजूला ठेवलं आणि खालच्या कप्प्यातून दुसरं काढलं. त्यात दुसरा आकडा अठ्ठेचाळीस हजारांवर होता.

मग भाचा कळा तपासायला बसला. त्याला मराठी टायपिंगचंही काम असतं, म्हणून इनस्क्रिप्ट लावून त्याने ‘काळी माती’ लिहिलं. पडद्यावर उमटलं ‘काली माती’. पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘काली’. डावी शिफ्ट मेली होती. नुसती इंग्रजी अक्षरं बडवून पाहिली असती तर हे घरी गेल्यावर कळलं असतं. कीबोर्ड दुकानदाराने बदलून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. असा दुकानदार भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

आणखी दोन गोष्टी गल्ल्यावर उभं असतानाच पाहायच्या. यंत्र बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर उठून या. जुन्या मालक-कंपनीचं कुलूप त्यात राहिलेलं असू शकतं आणि ते पुढे कधीही आडवं येतं. दुसरं बिल. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर यंत्राचा सिरियल नंबर आणि वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून. “बिल कायले पाह्यजे, घरचंच दुकान हाये” म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. चोरीचं यंत्र हातात आलं तर पोलीस विक्रेत्याआधी आपल्याला विचारतात. मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत तर ‘मी लष्करात आहे, बदली झाली, लॅपटॉप निम्म्यात देतो, आधी थोडे पैसे पाठवा’ ही फसवणूक इतकी जुनी झाली आहे, की तिच्यात नवं सावज सापडतं कसं याचंच आश्चर्य वाटतं.

नव्यातलं अगदी स्वस्त घ्यावं का? सरकारने 2011 मध्ये आकाश टॅब्लेट आणला होता. जगातला सर्वांत स्वस्त म्हणून गाजला आणि 256 एमबी रॅमवर धापा टाकत संपला. 2023 मध्ये 16,499 रुपयांचं जिओबुक आलं, चार जीबी रॅम आणि 64 जीबी साठवणीचं. शाळकरी मुलाला ठीक. नागपूरच्या महाज्योती संस्थेने जेईई-नीटच्या मुलांना दिलेले टॅबही अभ्यासाला चांगलेच. पण ज्याच्या पडद्यावर दिवसभर तीन एक्सेल आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतात, त्याचं पोट यावर भरत नाही.

हप्त्याचं थोडं बोलतो, कारण इथे माणसं फार फसतात. ‘बिनव्याजी हप्ता’ अशी वस्तू नसते. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी असतंच. ते प्रोसेसिंग फीमध्ये असतं, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट आपल्याला मिळत नाही, त्यात असतं. आपल्याकडे भर एक आणखी. पगार नसलेल्या घरात पैसा वर्षातून एक-दोनदा येतो, सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. बारा हप्त्यांपेक्षा दिवाळीनंतर रोखीने घेतलेलं जुनं यंत्र बरं.

सर्व्हिसचंही विचारून घ्या. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका लेनच्या हिशेबाने 75 किलोमीटरचा रस्ता 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाला आणि गिनीज बुकात गेला. लॅपटॉपचा एखादा सुटा भाग मात्र याच रस्त्याने यायला त्याहून जास्त वेळ घेतो. म्हणून गावात ज्याचे भाग मिळतात तोच ब्रँड घ्यावा.

आता उरलेल्या वीस हजारांकडे वळू. आपल्या भागात यंत्राचे खरे वैरी दोन, ऊन आणि लाईन. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 ओलांडतो. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा साधारण तेवढीच असते. टिनाच्या खोलीत दुपारी दोनला चार्जिंग लावून जेवायला जाणारे बॅटरी स्वतःच मारतात. चार्जिंग सकाळी करावं आणि सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती लावावी. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये, ओल्या खसातून उडणारे शिंतोडे कळांच्या खाली जातात. पावसाळ्याआधी एकदा पंख्यातली धूळ ब्लोअरने काढून घ्यावी.

लाईन गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर दोन-तीन तास चालतो, राऊटर बंद पडतो आणि मीटिंग तिथेच तुटते. यावर बारा व्होल्टचा छोटा राऊटर-यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात. आमच्या घरातली ही सर्वांत वसूल झालेली खरेदी आहे. डेस्कटॉप स्वस्त पडतो म्हणून घेणाऱ्यांनी मात्र त्याचा यूपीएस, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर वाढलेला भार, दोन्ही हिशेबात धरावेत.

वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतला की लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवता येतो, मान खाली घालून बसावं लागत नाही. जुना बावीस इंची मॉनिटर तीन-चार हजारांत जोडला तर लॅपटॉपचा छोटा पडदा मीटिंगपुरता राहतो. टेबल सुताराकडून करून घ्या, जमिनीपासून अडीच फुटांहून जरासं कमी. त्याला सांगून ठेवा, की वायरी मागून सोडायला एक भोक पाहिजे. नाहीतर तो ते करत नाही.

आणि खुर्ची नवी घ्या. निदान पाठीची आणि उंची कमी-जास्त होणारी तरी घ्या. ही खरेदी मोबाईलवर फोटो पाहून करायची नाही. अकोल्यात, अमरावतीत खुर्च्यांची दुकानं आहेत, तिथे जाऊन बसायचं. दुकानदार “बसा ना भाऊ” म्हणतो आणि दोन मिनिटांत पुढचं मॉडेल दाखवायला उठवतो. उठू नका. त्याने चहा सांगितला तर चहा होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसा. तळवे जमिनीला टेकतात का, कंबरेला आधार लागतो का, हात टेबलाच्या उंचीवर येतात का, ते पाहा. खुर्चीत आधी खराब होतो तो खालचा गॅसचा दांडा. भाव करताना दोनशे रुपये कमी करण्यापेक्षा त्या दांड्याची वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून मागा. दुकानदार थोडा कुरकुरेल, पण लिहून देईल.