घसारा कोणाच्या खात्यावर?

माणसाला छंद असावा, असे सगळेच म्हणतात. फक्त तो छंद आपल्याला पटणारा असावा, ही अट बारीक अक्षरांत तळाशी छापलेली असते. बागकाम चालते, कारण कढीपत्ता फुकट मिळतो. तिकिटे जमवणे चालते, कारण ती कधीतरी विकता येतील अशी आशा असते. पण ‘मी दगड घासतो’ असे तुम्ही म्हणालात, की समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बायकोकडे आणि शेवटी अपार सहानुभूतीने तुमच्या मुलांकडे.

होय, मी दगड घासतो. बँकेतून आल्यावर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या विजेवर. या छंदावरचे आक्षेप मी आजवर पुष्कळ ऐकले. त्यांना एकदाचे लेखी उत्तर द्यावे म्हणून हा प्रपंच. तोंडी उत्तराला आमच्या बँकेत किंमत नसते.

आधी वस्तुस्थिती. आपण ज्या काळ्या पाषाणाच्या राकटपणाचा अभिमान बाळगतो, तो मुळात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि एकेक पापुद्रा साचत अकीक तयार झाला. आवर्ती ठेव म्हणजे काय हे मी ग्राहकांना रोज समजावतो, पण इतक्या चिकाटीचा खातेदार अजून पाहिला नाही. पुढे काळा दगड झिजला, टणक अकीक आणि गारगोट्या उरल्या, त्या नद्यांच्या वाळूत आल्या. नेवाशाजवळ अश्मयुगातल्या माणसाने याच कुळातल्या दगडांची हत्यारे केली. इनामगावच्या उत्खननात अशा दगडांचे मणी निघाले. म्हणजे हे वेड माझ्या घराण्यातले नसेल, पण महाराष्ट्रातले नक्की आहे.

आता यंत्र. यंत्र म्हणजे दोन रुळांवर आडवा फिरणारा रबरी डबा. तो पाऊण भरेल इतके दगड घालायचे, वर पाणी आणि कार्बोरंडमची जाडी भुकटी. झाकण घट्ट लावून आठवडाभर दिवसरात्र फिरवायचे. मग धुऊन मध्यम भुकटी, आणखी एक आठवडा. मग पिठासारखी बारीक, पुन्हा आठवडा. शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइड घालून चकाकी. सगळे मिळून महिना जातो. दर वेळी धुणे मात्र असे हवे, की आमच्या सौ.नेही मान डोलवावी. जाड्या भुकटीचा एक कण जरी शेवटच्या फेरीत गेला, तरी सगळ्या दगडांवर ओरखडे उठतात. एका रुपयाचा फरक लागेना म्हणून सगळी शाखा रात्री आठपर्यंत बसली आहे, असा प्रसंग ज्याने पाहिला त्याला हे वेगळे सांगायला नको.

डब्यात सगळे दगड सारख्या कठीणपणाचे लागतात. अकीक, जास्पर, गारगोटी यांचे आपसांत जमते. त्यांत मऊ स्टिल्बाइट घातला, तर महिन्याने डबा उघडल्यावर त्याची रया गेलेली दिसते. स्थळे पाहणाऱ्यांनी पत्रिकेऐवजी हा नियम पाहावा.

आता आक्षेप क्रमांक एक. हा आमच्या मेव्हण्यांचा. ते महिन्यातून एकदा येतात, डब्याचा घरघराट ऐकतात आणि विचारतात, “भाऊजी, मग हे विकता का?”

“नाही.”

“मग उपयोग काय?”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे या प्रश्नाचे मला वाईट वाटत नाही, उलट तो माझ्याच भाषेतला आहे. आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला. यंत्र वापरले की झिजते, म्हणून त्याची किंमत दरसाल इतके टक्के कमी दाखवायची. टेबल झिजते, खुर्ची झिजते, कारकून झिजतो, आणि जे झिजते त्याचे मोल उतरते. या सिद्धांताला मी आयुष्यात एकच अपवाद पाहिला, तो त्या रबरी डब्यात. तिथे दगडाचे वजन घटते आणि मोल वाढते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण ज्याने केली, त्याच्या हातात टाकी असणार. आमच्या डब्यात कोणी कोणावर घाव घालत नाही. सगळे एकमेकांना घासतात आणि सगळेच उजळतात. मेव्हण्यांना याचा नफा वहीत मांडून हवा आहे. त्यांनी आपल्या पहाटेच्या फिरण्याचा ताळेबंद आधी दाखवावा, मग मी माझा दाखवतो.

आक्षेप क्रमांक दोन हा आक्षेप नसून चौकशी असते. “हा कोणत्या राशीला चालतो हो?” तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले, आमच्या शिपायाने विचारले आणि आमच्या साहेबांनी केबिनचे दार लावून घेऊन विचारले. काउंटरवर बसून मी एक गृहस्थ पाहिले. पुष्कराज घ्यायचा म्हणून त्यांनी मुदत ठेव मुदतीआधी मोडली. व्याज कापले गेले. गुरू बळकट व्हायचा तेव्हा होवो, त्या दिवशी शिल्लक तेवढी अशक्त झाली. हल्ली अंगठीच्या जोडीला चक्रे आली आहेत. साधी गुळगुळीत गारगोटी मखमलीच्या पिशवीत घालायची, तिला ऊर्जेचा खडा म्हणायचे आणि पिशवीपेक्षा स्वस्त दगड पिशवीच्या दसपट दराने विकायचा. त्यातला भडक निळा आणि गुलाबी अकीक बहुतेक वेळा रंगवलेला असतो. दगडाला रंग लावावा लागतो आणि तो आपल्या नशिबाला रंग आणणार! महिनाभर दगडाच्या सहवासात राहून मी एवढे खात्रीने सांगतो, की ज्याला स्वतःला चकाकायला चार आठवडे आणि तीन प्रकारची भुकटी लागते, तो आपली बढती आठ दिवसांत करणार नाही.

आक्षेप क्रमांक तीन सगळ्यांत शहाणा दिसतो, म्हणून त्याचा समाचार शेवटी घेतो. “अहो, एवढी खटपट कशाला? बाजारात तयार मिळतात की! अकिकाचे मणी, बदाम, गणपती, काय हवे ते. आणि किती स्वस्त!”

इथे मात्र मला खुर्ची पुढे ओढून बसावेसे वाटते. स्वस्त का मिळतात?

आपल्या देशात अकिकाचे मोठे काम चालते गुजरातेत, खंभातला. कच्चा माल रतनपूरच्या बाजूने येतो. तो भाजून लाल करतात, फोडतात, चाकावर धरून घासतात. ही कला हडप्पाकालीन. लोथलला मण्यांचा कारखाना सापडला आहे आणि सिंधच्या बाजूचे लाल मणी इराकात उर इथल्या राजघराण्याच्या कबरींत निघाले. हा अभिमानाचा भाग झाला आणि तो पर्यटनाच्या पत्रकांत असतोच. पत्रकात नसतो तो भाग असा, की चाकावर कोरडा दगड धरला की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती डोळ्यांना नीट दिसतही नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तिथे कायमची ठेव म्हणून राहते. तिला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि क्षयाला आवतण देतो. काम घरातच चालते, म्हणून धूळ स्वयंपाकालाही लागते आणि पाळण्यालाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी केली आहे, तेव्हा हे काही गुपित नाही.

म्हणजे घसारा आहेच. फक्त तो विक्रेत्याच्या वहीत नाही आणि आपल्या बिलातही नाही. तो तिसऱ्याच माणसाच्या छातीत नावे पडलेला आहे. आमच्या शाखेत असा हिशेब कोणी मांडला असता, तर ऑडिटरने लाल शाईची बाटली उपडी केली असती.

घरचा डबा बंद असतो आणि आतले सगळे ओले असते. पाण्यात धूळ उडत नाही. मोठ्या ड्रममध्ये पाण्यात घुसळलेले खडेही चाकावर घासलेल्या मण्यांपेक्षा पुष्कळ निरुपद्रवी. मीही कोरडा दगड कधी घासत नाही आणि उरलेला गाळ मोरीत न ओतता सुकण्याआधीच पिशवीत भरून टाकतो. मोरीत ओतला तर तो सिमेंटसारखा बसतो आणि मग प्लंबरच्या रूपाने आपलाही घसारा सुरू होतो. मण्यांच्या चाकावरही पाण्याची धार सोडता येते, धूळ ओढून घेणारा पंखा बसवता येतो. त्याला पैसे लागतात. ते पैसे आपण ‘किती स्वस्त!’ म्हणून वाचवलेले असतात.

आता कोणी म्हणेल, मग मणी घ्यायचेच नाहीत का? तसे मी म्हणत नाही. आपण खरेदी बंद केली, तर कारागिराच्या फुप्फुसाबरोबर पोटही जाईल. माझे म्हणणे एवढेच, की दुकानात ‘कोणत्या राशीला चालतो’ हे विचारण्याआधी ‘ओला घासलाय की कोरडा?’ हे विचारावे. दुकानदार गोंधळेल. पहिल्यांदा गोंधळेल, दहाव्यांदा मालकाला विचारील, शंभराव्यांदा मालक चाकाकडे बघेल. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने बँकासुद्धा हलतात, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो आहे.

मेव्हण्यांच्या ‘उपयोग काय’चे उत्तर खरे तर इथे आहे. ज्याने एक खडा चकाकायला महिना दिला, त्याला दुसऱ्याने घासलेल्या मण्याची घासाघीस करवत नाही. भाव करताना जीभ अडखळते. हा एवढा एक गुण जर दगडाने माणसाला लावला, तर आणखी कोणत्या ग्रहाची शांत करायची गरज नाही.

तेव्हा घरात एक डबा फिरू द्या. आवाजाबद्दल शेजारी तक्रार करतील. त्यांना एक खडा द्यावा. रास विचारली, तर सगळ्या राशींना चालतो म्हणून सांगावे. आणि किंमत विचारली, तर एक महिना म्हणावे.