पायाचे दुखणे, चालण्याचे औषध

तिवसा : शे-दोनशे पावले चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-चार मिनिटांत उतरतो आणि पुन्हा चालू लागले की तितक्याच अंतरावर परत येतो, ही तक्रार वऱ्हाडातील खेड्यांना नवी नाही. साठी उलटलेल्या माणसाने ती सांगितली की ‘वात आहे’, ‘गुडघे गेले’ किंवा ‘कमरेची नस दबली’ असे निदान पारावरच होते. ‘आता फार चालू नका’ हा सल्लाही सोबत मिळतो. दुखणे पायाच्या धमन्या अरुंद झाल्यामुळे असेल, तर नेमका हाच सल्ला रुग्णाला अधिक पंगू करतो. या विकारावरील प्रभावी उपचारांत चालण्याचे स्थान फार वरचे आहे. तो स्वस्त आहे, जुना आहे आणि तरीही ग्रामीण रुग्णापर्यंत क्वचितच पोहोचतो. असे का होते, याचा विचार करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

विकार कोणता?

हृदयविकारात हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचतात. तसेच ते पायाच्या धमन्यांतही साचतात. स्नायूंना विश्रांतीत पुरणारे रक्त चालताना अपुरे पडते आणि पोटरी, मांडी किंवा कुल्ला दुखू लागतो. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढते वय ही प्रमुख कारणे आहेत. २०१५ मध्ये जगभरात सुमारे २३ कोटी ६० लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज मांडण्यात आला होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. विड्या ओढणाऱ्या तरुण पुरुषांत आढळणारा बर्जर रोग हा पायाच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारा आणखी एक आजार. त्यात तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच मुख्य उपचार असतो.

निदानासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर धमन्या अरुंद झाल्याचे मानले जाते. रक्तदाबाचा पट्टा आणि हातात मावणारे डॉप्लर यंत्र एवढ्यावर ही तपासणी होते. मधुमेहींच्या धमन्या कडक झाल्याने हा आकडा कधीकधी फसवा येतो, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

दुखेपर्यंत चालणे

चालण्याने हे दुखणे कमी होते, असे जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब यांनी १८९८ मध्येच नोंदविले होते. १९६६ मध्ये डेन्मार्कमधील लार्सन आणि लासेन यांनी छोट्या पण पद्धतशीर चाचणीने त्याला आधार दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘क्लेव्हर’ चाचणीत ओटीपोटातील व जांघेकडे जाणाऱ्या धमन्यांत अडथळा असलेल्या रुग्णांची तुलना करण्यात आली. सहा महिन्यांनंतर चालण्याची कमाल वेळ केवळ औषधांवरील गटात १.२ मिनिटांनी, स्टेंट बसविलेल्या गटात ३.७ मिनिटांनी, तर देखरेखीखाली व्यायाम केलेल्या गटात ५.८ मिनिटांनी वाढली. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या समाधानात स्टेंटचा गट काहीसा पुढे होता, हेही नमूद केले पाहिजे.

ही पद्धत साधी असली तरी नेमकी आहे. पाय बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, वेदना उतरली की पुन्हा चालायचे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस आणि किमान १२ आठवडे करायचे. त्यामुळे बंद धमनी उघडत नाही. मात्र रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते आणि उपलब्ध रक्तातून स्नायू अधिक काम करून घेऊ लागतात.

‘आम्ही दिवसभर शेतातच चालतो, आणखी काय चालायचे?’ हा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर २०२१ च्या ‘लाइट’ चाचणीत सापडते. वेदना होईल इतक्या वेगाने चालणाऱ्यांचे सहा मिनिटांत कापलेले अंतर वर्षभरात सरासरी सुमारे ३४ मीटरने वाढले. आरामात चालणाऱ्यांना मात्र लाभ झाला नाही. शेतातले चालणे बहुधा दुखण्याआधीच थांबते. वेदना टाळणे हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच या उपचाराला धीर देणारा आणि नोंद ठेवणारा माणूस लागतो.

अडचण अंतराची

अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०१७ पासून १२ आठवड्यांतील ३६ सत्रांचा खर्च देण्यास सुरुवात केली. हाच हिशेब येथे मांडून पाहावा. तिवसा ते अमरावती हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. ३६ सत्रे म्हणजे ३६ खेपा, सुमारे २,९०० किलोमीटरचा प्रवास आणि तितक्याच दिवसांची बुडालेली मजुरी. सोयाबीन काढणीच्या वा कापूस वेचणीच्या दिवसांत हे कोणाला परवडेल? दुसरीकडे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती आहे. साहजिकच शस्त्रक्रियेला आधार मिळतो. शस्त्रक्रियेची वेळ लांबवू शकणारे चालणे मात्र कोणाच्याच खात्यात मांडले जात नाही.

यावर तोड आहे. घरी वा वस्तीपातळीवर आखून दिलेला आणि पाठपुरावा असलेला चालण्याचा कार्यक्रमही परिणामकारक असल्याचे अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मान्य केले आहे. तिशीवरील व्यक्तींच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीची व्यवस्था आरोग्य केंद्रांमार्फत आधीच उभी आहे. त्यात ‘चालताना पोटरी दुखते का, थांबल्यावर थांबते का?’ हे दोन प्रश्न आणि घोट्याचा रक्तदाब यांची भर घालणे अवघड नाही.

मनुष्यबळाबाबत तर हा जिल्हा भाग्यवान आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविणारे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीचेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरीही याच तिवसा तालुक्यात आहे. पहाटे एकत्र येण्याची सवय असलेल्या गावांत आठवड्यातून तीन सकाळी चालणाऱ्यांचा गट जमविणे अशक्य नाही. उन्हाळ्यात ऊन तापण्याआधी उरकणे मात्र आवश्यकच.

सावधगिरीही हवी

हा उपचार सर्वांसाठी नाही. बसल्याजागी किंवा रात्री पाय दुखत असेल, बोट काळे पडले असेल, जखम भरत नसेल किंवा पाय अचानक थंडगार पडला असेल, तर चालत न बसता तातडीने रुग्णालय गाठले पाहिजे. छातीत दुखणाऱ्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. पऱ्हाटीचे खुंट आणि काटे यांपासून जपण्यासाठी मधुमेहींनी अनवाणी चालू नये. तंबाखू सोडणे आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित घेणे, याला चालणे पर्याय नाही.

पाय कापावा लागल्यावर मजुरी करणाऱ्या कुटुंबाचे संपूर्ण गणितच कोसळते. त्या टोकाला जाण्याआधी १२ आठवड्यांचा एक लेखी आराखडा, एक वही आणि विचारपूस करणारा एक प्रशिक्षित माणूस गावातच उपलब्ध होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. ‘फार चालू नका’ याऐवजी ‘असे चाला’ हे सांगण्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेने आता स्वतःकडे घेतली पाहिजे.