पडद्यावरचा सावकार आणि आमची पेढी

यंदाच्या स्मरणिकेसाठी बाजारभावांवर चार शब्द लिहावेत, अशी सूचना आम्हांस आली होती. परंतु भावांविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की, आमच्या लेखाने त्यात पायलीभरही भर पडणार नाही. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते. रात्रीचा प्रहर मोकळा मिळतो, तो आम्ही घरच्या पडद्यावर जुने-नवे बोलपट व मालिका पाहण्यात घालवितो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, बेळगावचे धान्याचे घाऊक व्यापारी. कलेतले आम्हांस काय कळणार? तथापि मूठभर दाणे हातावर घेऊन मालाची जात सांगण्याची सवय आहे. तिच्याच आधारे आमचे मत येथे नमूद करितो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवासह ‘मदर इंडिया’ (१९५७) पुन्हा पाहिला. मेहबूब खान यांनी हीच कथा १९४० साली ‘औरत’ या नावाने काढली होती, आणि दोन्ही वेळी सुखीलाला सावकार झाले ते कन्हैयालालच. पाचशे रुपयांच्या कर्जापायी पिकाचा तीन-चतुर्थांश हिस्सा व्याजात जातो, हे पाहून नातवाने विचारले, “आजोबा, आपणही असेच होतो का?” आम्ही म्हणालो, “तो सावकार, आपण व्यापारी.” उत्तर खोटे नव्हते, परंतु पुरेही नव्हते.

आमच्या काही व्यापारी बंधूंचे म्हणणे असे की, चित्रपटवाल्यांनी व्यापाऱ्याची नाहक बदनामी केली. ही तक्रार आजची नव्हे. आमच्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ सालीच काढला होता. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ (१९५३) मध्ये शंभू शेतकरी घरातील किडुकमिडुक विकून पासष्ट रुपये उभे करितो, तो कागदावर त्यांचे दोनशे पस्तीस झालेले असतात. असे कागद या देशात कधी झालेच नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? या चित्रांना आम्ही बदनामी म्हणणार नाही.

आमचे गाऱ्हाणे निराळे आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आम्हांस अत्यंत प्रिय. तुकोबा वाणव्यवसाय करणाऱ्या घराण्यातले. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी कथा आहे. एकीकडे खोटे कागद करणारा सुखीलाला, दुसरीकडे खरे कागदही बुडविणारे तुकोबा! या दोहोंच्या मध्ये जो सामान्य व्यापारी उभा असतो, पेरणीपूर्वी शेतकऱ्यास उचल देतो, माल आल्यावर अडत घेतो आणि बुडीत उधारीने रात्री जागतो, त्यास पडद्यावर जागा क्वचितच मिळते.

अपवाद एक सांगतो. एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मध्ये फाळणीनंतरच्या आग्र्यातील सलीम मिर्झा हे पादत्राणांचे कारखानदार आहेत. हा गृहस्थ उद्या पाकिस्तानात निघून जाईल, या संशयाने त्यांस कोणी कर्ज देईना. पत गेली म्हणजे मनुष्य आपल्याच गावात कसा परका होतो, हे बलराज साहनी यांनी बहुधा न बोलताच दाखविले आहे. पूर्वीचा शंभूही तेच होते, हे विशेष. याउलट ‘स्कॅम १९९२’ (२०२०) ही मालिका मोठी कसबी. बँकांच्या पावत्यांचा खेळ आम्हांसही तीत उलगडला. परंतु तरुण मंडळी तिचे संगीत गुणगुणतात आणि जोखमीची वाक्ये पाठ म्हणतात, हे आम्हांस रुचत नाही. परक्याच्या पैशावर घेतलेल्या जोखमीस आमच्या बाजारात धाडस म्हणत नसत.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळतो. १९७२ च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो व शाळा सुटल्यावर पेढीवर बसत असू. एके सायंकाळी आमच्याच हमालाची पत्नी दोन पायल्या जोंधळे उधारीवर मागावयास आली. वडील म्हणाले, “माल नाही, बाई.” मागच्या खोलीत चाळीस पोती होती. ‘लाभ’ म्हणून पहिले पोते मोजल्यापासून सर्व नोंद आम्हीच केली होती, आणि ती पोती तिच्याच नवऱ्याने पाठीवरून आणून रचली होती. बाई काही बोलली नाही. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही वहीत मान घातली. पुढे त्या पोत्यांना भाव चांगला आला. वडील दुष्ट नव्हते. त्यांच्यावरही देणे होते, आणि एरवी त्यांनी कितीतरी घरांची उधारी निमूटपणे सांभाळली. परंतु त्या सायंकाळची नोंद आमच्या कोणत्याही वहीत नाही.

चार दिवसांनी हे सर्व आम्ही नातवास सांगितले. त्याने विचारले, “मग त्या बाईंनी त्या रात्री काय केले?” पन्नास वर्षांत हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नव्हता.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, संघाच्या वार्षिक संमेलनात सत्कार-समारंभानंतर एक सायंकाळ अशा एखाद्या चित्रपटासाठी राखावी आणि मुलानातवंडांस पुढच्या रांगेत बसवावे. पडद्यावर सावकार आला म्हणून कोणी उठून जाऊ नये. खेळ संपल्यावर वडीलधाऱ्यांनी आपापल्या पेढीचे जमेचे बोलावे, आणि नावेचेही बोलावे.