काळ्या पडद्याची भीती कशाला?

"कमांड लाइन कशाला शिकायची? सगळं माऊसने होतं की!" हे वाक्य आपल्या लॅबमध्ये दर सेमिस्टरला ऐकू येतं. मित्रांनो, एका मशीनपुरतं ते खरंही आहे. पण मशीन्स शेकड्यांनी असली की?

२००७ साली पुण्यात टाटांच्या सीआरएलने 'एका' हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्या नोव्हेंबरच्या टॉप ५०० यादीत तो जगात चौथा होता. वेग ११७.९ टेराफ्लॉप्स! आत एखादं राक्षसी मशीन नव्हतं, एकमेकांना जोडलेले शेकडो सर्व्हर होते. प्रत्येकाला मॉनिटर लावून क्लिक करत कोण बसणार? एसएसएचने लॉगिन करायचं आणि एका ओळीत सगळ्यांना हुकूम सोडायचा.

पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'वर जॉब लावायचे ते 'स्लर्म'मधून. एखादा नोड बिघडला तर त्याला 'ड्रेन' करतात: चालू जॉब पूर्ण होऊ द्यायचा, नवा द्यायचा नाही. गंमत म्हणजे कारण लिहिल्याशिवाय स्लर्म ड्रेन करूच देत नाही, अगदी रजेच्या अर्जासारखं! पण रात्री दोन वाजता दुसरा माणूस बसला की कुठला नोड का बंद आहे, ते त्याला एका कमांडमध्ये कळतं.

धोका आहेच. चुकीची 'आरएम' एका मशीनवर एकाचं नुकसान करते, क्लस्टरवर सगळ्यांचं. म्हणून आधी एका नोडवर चालवून बघायची. पण माझ्या मते खरा फायदा वेगाचा नाहीच. माऊसचे क्लिक कोणी लिहून ठेवत नाही. कमांड स्क्रिप्टमध्ये राहते. आपल्याकडे सिनियर पास आऊट झाले की त्यांचा प्रोजेक्टही बंद पडतो, कारण सेटअप फक्त त्यांच्या डोक्यात असतो.

पैशाची सबब नको. १९९४ साली नासात स्टर्लिंग आणि बेकर यांनी ४८६ जातीची १६ साधी मशीन्स इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' क्लस्टर केला होता. आपल्या स्टोअररूममध्ये धूळ खात पडलेले पीसी त्याहून कितीतरी ताकदवान आहेत.

माझी सूचना अशी: थर्ड इयरने आठ पीसींचा क्लस्टर बांधावा आणि सेकंड इयरला फक्त स्क्रिप्टच्या फाइल्स द्याव्यात. तोंडी काही सांगायचं नाही, सिनियरला फोन करायचा नाही. रत्नागिरीच्या जुलैत लाइट गेली की परीक्षा आपोआप सुरू होईल.