काउबॉय नेमबाजीतील काडतूस: सोय राखायची की इतिहास?

१/ अमेरिकेत ‘काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग’ नावाचा नेमबाजीचा एक खेळ आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातील पोशाख, घेतलेले टोपणनाव आणि त्या काळच्या घडणीची शस्त्रे घेऊन स्पर्धक मैदानात उतरतात. या धाग्यात त्या खेळातील एका लहान वस्तूविषयी मत मांडायचे आहे. ती वस्तू म्हणजे काडतूस.

२/ प्रथम पार्श्वभूमी. हा खेळ १९८०च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात आकाराला आला. त्याची ‘एंड ऑफ ट्रेल’ ही मुख्य स्पर्धा १९८२मध्ये सुरू झाली आणि ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ ही नियामक संस्था १९८७मध्ये स्थापन झाली. जुन्या पश्चिमेचा वारसा जपणे हे तिचे घोषित ध्येय आहे.

३/ प्रत्येक स्पर्धकाकडे दोन रिव्हॉल्व्हर, खालची तरफ ओढून गोळी भरण्याची एक रायफल आणि एक छर्‍यांची बंदूक असते. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतात. अपघात टाळण्याची ही जुनीच रीत. म्हणजे एका फेरीत साधारणपणे रिव्हॉल्व्हरची १० आणि रायफलची १० काडतुसे लागतात.

४/ नियम असे: रायफल व रिव्हॉल्व्हरमधील गोळी शिशाचीच हवी, तिच्यावर तांब्याचे कवच नको. रिव्हॉल्व्हरमधून तिचा वेग सेकंदाला १,००० फुटांपेक्षा आणि रायफलमधून १,४०० फुटांपेक्षा अधिक नसावा. निशाणे पोलादी आणि जवळ असतात. गोळी उलट उसळू नये म्हणून ही काळजी.

५/ किमान मर्यादाही आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि वेग फुटांमध्ये घेऊन गुणाकार करायचा, त्याला १,०००ने भागायचे. उत्तर ६०पेक्षा कमी नको. १०५ ग्रेनची गोळी सेकंदाला ६५० फूट वेगाने गेली तर उत्तर येते ६८. कोल्टच्या मूळ .४५ काडतुसाची गोळी २५५ ग्रेनची आणि वेग सुमारे ९०० फूट. तिचे उत्तर येते जवळजवळ २३०!

६/ हा तिपटीहून अधिक फरक स्पर्धेचा निकाल ठरवतो. खेळ घड्याळावर चालतो. धक्का जितका कमी, तितकी नळी लवकर पुन्हा निशाणावर येते. म्हणूनच ‘.३८ स्पेशल’ हे या खेळातील सर्वाधिक लोकप्रिय काडतूस ठरले आहे. ते स्वस्त आहे, त्याची सरळ पुंगळी घरी पुन्हा भरायला सोपी आहे आणि तिच्यात हलका भार सहज बसतो.

७/ आता इतिहासाचा प्रश्न. ‘.३८ स्पेशल’चा जन्म १८९८च्या सुमाराचा. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकी सरकारनेच नोंदवले होते की वसाहतीची सलग सीमारेषा आता उरलेली नाही. थोडक्यात, ज्या काळाचा पोशाख अंगावर चढवला, तो संपत आल्यानंतरचे हे काडतूस आहे!

८/ मग त्या काळी काय वापरत? १८७३मध्ये विंचेस्टर कंपनीची प्रसिद्ध रायफल आली आणि तिच्यासोबत ‘.४४-४०’ हे काडतूस आले. पहिला आकडा गोळीचा नाममात्र व्यास दाखवतो: इंचाचे ४४ शतांश. दुसरा आकडा काळ्या बारुदीचे वजन: ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. गोळी २०० ग्रेनची, म्हणजे १३ ग्रॅमची.

९/ त्या गोळीचे टोक चपटे असे आणि त्यालाही कारण आहे. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापाठोपाठ एक रचलेली असतात. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडाला, नेमके त्याच्या पेटवणाऱ्या टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढचे काडतूस आतच उडण्याचा धोका. आजही निवडताना हेच पाहावे लागते.

१०/ १८७०च्या दशकाच्या अखेरीस कोल्ट कंपनीनेही आपले रिव्हॉल्व्हर .४४-४०मध्ये आणले. आता कमरेच्या एकाच पट्ट्यातील काडतूस दोन्ही शस्त्रांत चालू लागले. दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या माणसाला ही केवढी मोठी सोय! रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याची हत्यारेही विंचेस्टर विकत असे.

११/ चित्रपट पाहून अनेकांना वाटते की त्या काळी खांद्यावरची रायफल आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर दोन्ही .४५ कोल्टची असत. १९व्या शतकात विंचेस्टरने .४५ कोल्टसाठी ही रायफल बनवलीच नाही. त्या काडतुसाच्या बुडाची कड फार अरुंद होती. रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला तिच्यावर पकड मिळणे अवघड, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आज बाजारात मिळणारी .४५ कोल्टची तरफेची रायफल ही आधुनिक निर्मिती आहे.

१२/ .४४-४०चा आणखी एक गुण वापरल्याशिवाय कळत नाही. तिच्या पुंगळीचे तोंड फार पातळ असते. बार होताच ते फुगून भोवतालच्या धातूला चिकटते आणि काळ्या बारुदीची काजळी मागे यंत्रात येऊ देत नाही. तेच पातळ तोंड घरी भरताना मात्र जरा चुकले की दुमडते. गुण आणि अडचण एकाच जागी!

१३/ काळी बारूद धूर करते, पुष्कळ धूर. वारा नसेल तर चार-पाच बारांनंतर निशाण दिसेनासे होते. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी टूमस्टोन गावात ‘ओ. के. कोराल’ची प्रसिद्ध चकमक झाली. अरुंद मोकळ्या जागेत सुमारे ३० सेकंदांत सुमारे ३० गोळ्या सुटल्या. पहिला बार कोणी केला, याविषयी साक्षीदारांत एकमत झाले नाही. स्वतः काळी बारूद उडवून पाहिलेला माणूस त्या साक्षी वेगळ्या समजुतीने वाचील.

१४/ विरुद्ध बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हलक्या काडतुसामुळे वयस्कर माणसे, किशोरवयीन मुले आणि मनगट दुखावलेले लोकही खेळू शकतात. हलका भार अनैतिहासिक म्हणावा, तर खुद्द अमेरिकी सैन्यानेच .४५ कोल्टमधील बारूद ४० ग्रेनवरून ३०च्या आसपास आणली होती. आणि दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस, हा .३८ वाल्यांचा विचार तर अस्सल सरहद्दीवरचाच आहे.

१५/ शिवाय हा खेळ इतिहासाइतकाच जुन्या काउबॉय चित्रपटांनाही मानतो. ज्याला पडद्यावरचा नायक व्हायचे आहे, त्याच्या काडतुसाचे जन्मवर्ष विचारण्यात अर्थ नाही. तो खेळतो आहे आणि आनंदाने खेळतो आहे.

१६/ तरीही माझे मत असे: वारसा जपतो असे जो म्हणतो, त्याने .४४-४० निवडावे आणि वर्षातून निदान एक स्पर्धा काळ्या बारुदीवर खेळावी. नियमांत त्याला जागा आहे. ‘फ्रंटियर कार्ट्रिज’ गटात काळी बारूद किंवा तिचा पर्यायच चालतो. ‘क्लासिक काउबॉय’ गटात.४० किंवा त्याहून मोठे काडतूस लागते. खर्च वाढेल, वेळ वाढेल, क्रमांक घसरेल. पण त्या अडचणींतच त्या काळातील माणसाचे जगणे होते.

१७/ नवशिक्याने .३८ने आरंभ करावा, यात मला वावगे दिसत नाही. टोपी, बूट आणि टोपणनाव यांवर मात्र तिथेच थांबू नये. पोशाख त्या काळचे रूप दाखवतो. धूर, धक्का आणि मोजकी काडतुसे यांतून त्या माणसाने निर्णय कसे घेतले असतील, याचा अंदाज येतो. अभ्यासकाला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटायला हवी.

१८/ ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि इतका रुळला की परका वाटत नाही. युद्धकलेची प्रात्यक्षिके आणि ऐतिहासिक पोशाखांतील मिरवणुका आपणही आवडीने पाहतो. पुढच्या वेळी पाहताना एक प्रश्न जरूर विचारा: त्या काळाच्या कोणत्या अडचणी इथे राखल्या आहेत आणि कोणत्या गुपचूप गाळल्या आहेत?

आपले मत वेगळे असेल तर अवश्य मांडा. धागा समाप्त.