मुक्त व्यापार आणि रिकामी कोठारे

अन्नधान्याचा व्यापार निर्बंधमुक्त झाला की विपुलतेच्या प्रदेशातून तुटीच्या प्रदेशाकडे धान्य आपोआप जाईल आणि जगातील भूक ओसरेल, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो सुबक आहे. परंतु बाजारातील धान्य भूक पाहून हलत नाही, ते क्रयशक्तीच्या मागे जाते.

हैतीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी कॅरिबियन समुद्रातील हा देश आपल्या गरजेचा बहुतांश तांदूळ स्वतः पिकवीत असे. १९९५ मध्ये तांदळावरील आयातशुल्क अवघ्या ३ टक्क्यांवर आणले गेले आणि सरकारी अनुदानावर पोसलेला अमेरिकी तांदूळ तेथे येऊन पडला. शहरातील गरिबाला काही काळ स्वस्त भात मिळाला, हे खरेच. परंतु आर्तिबोनीत खोऱ्यातील शेतकऱ्याचा या स्पर्धेत टिकाव लागला नाही. २००८ मध्ये जागतिक भाव कडाडले, तेव्हा आयातीवर विसंबलेल्या हैतीत दंगली उसळल्या आणि पंतप्रधानांना पद गमवावे लागले. ज्यांच्या कारकीर्दीत शुल्ककपात झाली, त्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे हे धोरण चुकल्याची कबुली दिली. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

दुसरी बाजू आपल्याच देशाची. भारताने २००८ मध्ये बिगर-बासमती तांदळाची निर्यात थांबविली. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर पुन्हा बंदी आली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. देशातील ग्राहकासाठी ते आवश्यक असेलही. परंतु जगाच्या तांदूळ-निर्यातीत सुमारे ४० टक्के वाटा असलेल्या देशाने दार लावले की आयातदार देशांत भाव चढतात. टंचाईत प्रत्येक सरकार आधी आपले कोठार सांभाळते, आणि ज्याचे कोठार रिकामे, तो उघड्यावर पडतो.

म्हणून व्यापारच नको, असे मुळीच नव्हे. अवर्षणात आयातीनेच प्राण वाचतात. मात्र मुख्य अन्नधान्याला शुल्काचे संरक्षण देण्याचा आणि हमीभावाने खरेदी करून साठा राखण्याचा गरीब देशांचा अधिकार निर्विवाद असला पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेने अशा साठ्यांना २०१३ मध्ये बाली येथे केवळ तात्पुरते अभय दिले. २०२४ च्या अबू धाबी परिषदेतही कायमचा तोडगा निघाला नाही. भारताने या प्रश्नावर माघार घेता कामा नये.